भरल्या गाडीचं माप

अंबत्तूरच्या एका कारागिराकडे मी जुन्या जीपच्या पोटाखाली संरक्षक पत्रा बसवून घ्यायला गेलो. तयार पत्रा कुठेच मिळत नव्हता. हा कारागीर तो मापाने घडवून द्यायचा. आधी वितीने मोजायचा, मग टेपने, आणि दोन्ही जुळल्यावरच खडूने लिहायचा.

"घरच्यांना आणा, सार. सगळे बसले, गाडी दबली, की माप घेतो," गाडीखालून तो म्हणाला.

"बायको वारली. मुलगी परदेशात. मी एकटाच."

"मग पत्रा कशाला? एकट्याची गाडी खाली टेकत नाही."

हिशेब बरोबर होता. तरी मी म्हणालो, "तिघांचं माप घ्या."

त्याने शेजारच्या लेथवरच्या दोघांना बोलावून गाडीत बसवलं. माझ्या बाजूला बसलेल्याने हसत विचारलं, "कुठे निघालो, सार?"

"येरकाडला, घाट चढून, पूर्वीसारखं," मी म्हणालो आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.