मरिबा मिस्त्रींचं माळवद

मरिबा मिस्त्री माती चाखून बघत. चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि बाजूला थुंकून निकाल द्यायचे. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला हसू आलं. मी नगरपालिकेत नवा ओव्हरसियर होतो, डिप्लोमा ताजा होता आणि मातीची तपासणी प्रयोगशाळेत होते एवढंच मला ठाऊक होतं. "गोडी हाय सायेब," ते म्हणाले, "माळवदाला चालत न्हाई. गोड माती पानी पिऊन बसती. खारी पायजे, ती पानी वरच्या वर सोडून देती."

आमची ती भेट दुधना नदीच्या काठी, कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात झाली. यंत्रं कधीच भंगारात गेली होती. काळवंडलेल्या भिंती, सागाच्या जाड तुळया आणि कुजलेल्या सरकीचा वास, एवढं उरलं होतं. पालिकेने तिथे बाग करायची आणि बागेत सगळ्या गावासाठी एक समाजमंदिर बांधायचं ठरवलं. सिमेंटचा परवाना काही केल्या मिळेना. पाडकामातल्या विटा, त्याच तुळया आणि चुना एवढ्यावर, वर मातीचं सपाट छत म्हणजे माळवद घालून, काम उभं करील असा माणूस शोधताना मरिबांचं नाव निघालं. नदीपलीकडच्या एका गावातल्या बौद्धवाड्यात ते राहत. कचेरीत त्यांना लहानथोर सगळे अरे-तुरे करत. मीही महिनाभर केलं. पुढे जीभच वळेना.

एकदा टेप लावून मी त्यांना सांगितलं, भिंत दोन फूट कशाला, सव्वा फुटावर भागेल. ते थापी खाली ठेवून म्हणाले, "सायेब, तुमी भित मोजायलाव, उन्हाळा कोन मोजनार?" त्यांचं बोलणं असंच असायचं, आवाज न चढवता. चुना मुरायला त्यांनी तीन आठवडे घेतले तेव्हा पालिकेचे अध्यक्ष चिडले, तर म्हणाले, "घाई असंल तर तंबू ठोका, दोन तासांत हुतंय." जुनी वीट बोटाने वाजवून ते ठेवायची की टाकायची ते ठरवत. मीही वाजवून पाहिली. मला सगळ्या सारख्याच वाजल्या.

इमारत झाली आणि वैशाखात गावाला तिची किंमत कळली. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत पंख्याशिवाय माणसं डुलक्या काढत होती. आमच्या कचेरीतले कारकून डबे घेऊन तिथे जाऊ लागले. मरिबांच्या धाकट्या लेकीचं लग्न तिथेच लागलं. वऱ्हाड पुढच्या दाराने आत शिरलं आणि मरिबा दारातच उभे राहिले. मी म्हटलं, आत चला. "थांबा जरा, बघू द्या," ते म्हणाले, "ह्या गावात मपली मानसं पुढच्या दारानं जायाची ही पहिलीच बारी हाय." समाजमंदिर म्हणजे त्यांच्या लेखी काय होतं, ते मला त्या दिवशी समजलं.

माळवदाला दरवर्षी मृगाच्या आधी खाऱ्या पांढऱ्या मातीचा नवा थर द्यावा लागतो. ती माती मरिबांच्या गावच्या पडक्या गढीवर मिळे. पिढ्यान्‌पिढ्या आख्खं गाव तिथूनच न्यायचं. मरिबा उन्हाळ्यात दोन गाड्या भरून आणत, पायाने तुडवत, थापीने चोपत. "घराला वर्साला एकदा तरी इचारावं लागतंय, कसं हाय म्हनून," असं म्हणायचे.

मग विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण बिघडलं. मोर्चे निघू लागले, खेड्यांत बहिष्कार पडले. त्या उन्हाळ्यात मरिबा रिकाम्या हातांनी माझ्या टेबलापाशी आले. "आमच्या मानसांनी गढीला हात लावायचा न्हाई, असं गाववाले म्हनायलेत. सायेब, पालिकेचं पत्र द्या. माती मला नको, समाजमंदिराला पायजे." मी पत्र तयार केलं. अध्यक्षांनी ते वाचलं आणि परत माझ्यापुढे सरकवलं. "आत्ता नको. कशाला आगीत हात घालता?" मी पत्र खणात ठेवलं. मरिबांनी आणखी दोन-तीन गावची माती आणून पाहिली. सगळी गोडी निघाली.

त्या पावसाळ्यात समाजमंदिर गळलं. तोवर सिमेंट मुबलक मिळू लागलं होतं. अध्यक्षांनी ठेकेदार बोलावला आणि माळवदावरच चार इंच काँक्रीट ओतायचं ठरवलं. मरिबा माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. "खालची माती वल्ली हाय सायेब. तिला सुकू तरी द्या. वरून झाकलं तर वल कुठं जाईल? लाकडात जाईल." ते म्हणत होते ते अक्षर न्‌ अक्षर खरं होतं आणि मला ते कळत होतं. तरी मी मूग गिळून बसलो. काम झालं, मोजमाप पुस्तकावर मी सही केली.

पुढची दोन वर्षं मरिबा अधूनमधून यायचे, आत जाऊन तुळयांना हात लावायचे आणि निघून जायचे. एकदा त्यांनी स्वतःहून बाभळीचे दोन टेकू आणून लावले. एका समारंभासाठी ठेकेदाराच्या माणसांनी अडचण होते म्हणून ते काढून टाकले. तिसऱ्या श्रावणात, भर दुपारी, मधल्या दोन तुळया मोडल्या आणि छप्पर खाली आलं. आत कोणी नव्हतं, हे नशीब. भिंतींना मात्र तडासुद्धा गेला नाही.

अहवाल माझ्याकडेच आला. काय लिहायचं ते अध्यक्षांनी सांगितलं आणि मी लिहिलं: स्थानिक गवंड्याने वापरलेल्या निकृष्ट मातीमुळे छत कोसळले.

कचेरीतून बातमी फुटलीच. दुसऱ्या दिवशी मरिबा आले. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. "माती खराब व्हती असं लिव्हलं म्हनं तुमी." मी मान खाली घातली. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार, आणि खाव्यात असंही वाटलं.

"मपलं नाव घातलं का त्यात?"

"नाही," मी घाईने म्हणालो, "नाव कुठेच नाही. नुसतं स्थानिक गवंडी." त्यांना त्यातून वाचवल्याचं थोडं समाधानही माझ्या आवाजात असावं.

"मंग घाला," ते म्हणाले. "छप्पर पडलं ते मरिबाचं, असं लिव्हा. पर भिताडं हुबी हायेत, ती बी मरिबाचीच, असं बी लिव्हा. दोन्ही लिव्हा सायेब. एवढंच मागनं हाय."

मी म्हणालो, अहवाल कालच वर गेला. आता माझ्या हातात काही नाही.

"बरं," म्हणून ते पायऱ्या उतरून गेले. त्या हिवाळ्यात ते वारले. मला ते महिन्याभराने कळलं.

मरिबा आले त्या दिवशी अहवाल माझ्याच टेबलावर होता, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर. ते पायऱ्या उतरल्यावर मी तो उघडला, पेनाचं टोपण काढलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. संध्याकाळच्या टपालाने तो गेला, होता तसाच.