दामिनीची व्हॅन आणि चौदा मरळी

दामिनीला गाडी चालवणं शिकवलं ते आमच्या तलावाने. मे महिन्यात तलाव आटला की मधोमध भेगाळलेली सपाट जमीन उरते. तिथे झाड नाही, खांब नाही, धडकायला काहीच नाही. जुनी व्हॅन घेतली त्या वर्षी माझी ही सून रोज सकाळी तिथे गोल गोल फिरायची. तलावाच्या पाळीवर, बांधावर बसलेला शेजारचा मुखरू मला विचारायचा, "गोकुळाबाई, तुही सून तलाव नांगरून राह्यली का?"

"नांगरू दे," मी म्हणायची. "पेराले तू येजो."

पावसाने तलाव भरायच्या आत ती तालुक्याच्या गावापर्यंत, सावलीपर्यंत, गाडी नेऊन परत आणायला लागली. त्याला आता नऊ वर्षं झाली.

आम्ही ढिवर. सावलीच्या पलीकडे आमचं गाव. पुरुष तलावात जाळं टाकतात, बाया मासे विकतात. दामिनीही आधी टोपली घेऊन बाजारात बसायची. पण तिच्या ध्यानात आलं की चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये जिवंत मरळीला फार मागणी आहे. बाळंतिणीला, ऑपरेशन झालेल्याला, तापातून उठलेल्याला तिथे मरळीचा रस्सा देतात, आणि मरळ डोळ्यांसमोर हलणारीच पाहिजे. म्हणून दर रविवारी मूल गावावरून, जंगलातून, दामिनी मरळीचा ड्रम घेऊन तिकडे जाते. मेलेली मरळ त्या दारांत तिने कधी विकली नाही. तिचा सारा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

या साली व्हॅन थकली. एकदा मूलच्या पुढे जंगलात बंद पडली. मी सोबत होते. दामिनीने सीट उचलली आणि खालच्या इंजिनात वायर खोचत बसली.

"बाई, लवकर कर. इथी वाघ फिरते," मी म्हटलं.

"त्याले वायर जोडता येत असन तं बोलवा आई," ती म्हणाली.

सावलीच्या फारूक मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी गाडी पाहिली. मागच्या तळाला पेचकस टेकवला तर तो आरपार गेला. नऊ वर्षं ड्रमचं पाणी सांडून पत्रा सडला होता.

"वहिनी, इंजिन आणखी चालन. पन खालचा पत्रा खतम. कितीदा वेल्डिंग मारू? वेल्डिंगले पकडाले बी पत्रा लागते ना."

"मंग काय करू फारूकभाऊ?"

"मी तं विका म्हनीन. रस्त्यात ड्रमसंगं तुम्ही बी खाली पडल्या तं मले जन्मभर झोप नाई येनार."

माझा मुलगा सूरज, दामिनीचा नवरा, घुग्घुसला कोळशाच्या खाणीत कामाला आहे. तिकडेच खोली करून राहतो, सुटीत घरी येतो. त्याला हे कळलं आणि पुढच्याच शनिवारी तो सोबत्याची पांढरी गाडी घेऊन दारात उभा. आठ दिवस चालवून पाहायची, पसंत पडली तर घेऊन टाकायची. दोनच वर्षं वापरलेली. आत गार हवा, गाणी, गुबगुबीत सीट. साऱ्या गावाने हात लावून पाहिला. मीही पाहिला, खोटं कशाला बोलू.

दामिनीने फक्त मागची जागा वितीने मोजली. ड्रम बसत होता.

रविवारी सूरज तिला म्हणाला, "आज गाडी मी चालवतो. तू बस मालकिनीसारखी."

मासेही त्यानेच भरले. पाणी हिंदकळून सीटवर उडू नये म्हणून त्याने ड्रम काठोकाठ भरला, झाकण दाबलं, वरून सायकलची ट्यूब करकचून बांधली. दामिनी तेव्हा आत माझ्या नातीची, आचलची, वेणी घालत होती. मी बाहेर उभी राहून सारं पाहत होते. मनात म्हटलं, पोरगा कामाला लागला, बरं झालं.

आमच्या व्हॅनमध्ये मासे ड्रमला शेपट्या मारतात ते सारी वाट ऐकू येतं. या गाडीत काचा बंद आणि गाणी सुरू. त्या गार हवेत मला तर मूल गाव यायच्या आधीच झोप लागली.

ऊर्जानगरला पहिल्या दारात निशातबाई वाट पाहत होत्या. त्यांची मुलगी आठ दिवसांची बाळंतीण. सूरजने ट्यूब सोडली, झाकण काढलं. एक शेपटी हलली नाही. चौदाच्या चौदा मरळी गेलेल्या.

ज्याला ठाऊक नाही त्याला सांगते. मरळ राहते पाण्यात, पण श्वास वरचा घेते. घडीघडी तोंड वर काढून हवा पिते. म्हणून ड्रम अर्धाच भरायचा आणि तोंडाला जाळं बांधायचं. काठोकाठ पाणी आणि घट्ट झाकण म्हणजे मासोळीला पाण्यात बुडवून मारणं. आमच्याकडे हे कोणाला शिकवावं लागत नाही. सूरजलाही ठाऊक होतं, पण त्या दिवशी त्याचा सारा जीव सीटमध्ये होता. आणि मी? जन्मभर मासे विकले, तरी डोळ्यांनी पाहून गप्प उभी राहिले. पांढऱ्या गाडीपुढे मी पण जराशी दिपलेच होते.

निशातबाई समजदार. म्हणाल्या, "दामिनी, ताजीच तर आहे. अर्ध्या भावात देऊन टाक."

"नाई बाई. आज अर्ध्या भावात घेसाल, अन् पुढच्या इतवारी ड्रमात वाकून वाकून पाहसाल. मंगळवारी दोन जिवंत आनून देते."

परत येताना कोणी गाणी लावली नाहीत. मूल गाव मागे पडल्यावर सूरज हळूच म्हणाला, "सीट तं वाचली."

"हो," दामिनी म्हणाली. "सीट जिवंत आहे."

तीन दिवस आमच्या घरी मरळच शिजत होती. मंगळवारी दामिनी जाळं बांधलेल्या डेगचीत दोन मरळी घेऊन एसटीने ऊर्जानगरला जाऊन आली. कंडक्टरच्या बुटावर पाणी उडालं म्हणून तो चंद्रपूरपर्यंत कुरकुरला म्हणे. बुधवारी मला घेऊन ती फारूककडे गेली.

"व्हॅन विकाची नाई. खालचा पत्रा पुरा कापा, नवा जाड पत्रा मारा. मागची सीट काढून टाका. अन् पत्र्याले मागं उतार देऊन दोन भोकं ठेवा. पानी सांडलं का बाहेर गेलं पाह्यजे."

फारूक माझ्याकडे पाहून म्हणाला, "गोकुळाबाई, लोकं माह्याकडं भोकं बुजवाले येतेत. हे पाडाले आली."

"पाडा," दामिनी म्हणाली.

"ठीक आहे. तीन वर्षं चालन. त्याच्यापुढं आनसाल तं मी दुकान बंद करून पळून जाईन."

"तीन वर्षं पुरे. मंग दुसरी घेईन, पन पसंत मी करीन. पहिले आत बादलीभर पानी ओतीन. मालकाचं तोंड वाकडं झालं का ते गाडी आपली नाई."

सूरज थोडा नाराज होता. खाणीतल्या माणसाची बायको अशा गाडीत फिरते, सोबती हसतील म्हणाला. दामिनीने त्याला एवढंच विचारलं, "त्याईच्या घरी बाळंतीन आहे का? असन तं पत्ता सांगा." त्यावर तो हसला आणि पांढरी गाडी तीनदा धुऊन परत देऊन आला. सोबत्याने अजून वासाचं नाव काढलं नाही. मित्र चांगला असावा.

फारूकने दहा दिवस घेतले. नंतरच्या रविवारी दामिनीने स्वतः ड्रम भरला, अर्धा. सूरज मागे पाटावर ड्रम धरून बसला, मी पुढे. रस्ताभर शेपट्यांचे फटके ऐकू येत होते, आणि मी एकदाही डुलकी घेतली नाही. ऊर्जानगरला बारा वाजायच्या आत साऱ्या मरळी विकल्या गेल्या. दामिनीने उरलेलं पाणी तिथेच गाडीत ओतलं, ते भोकांतून रस्त्यावर गेलं. मग तिने पत्र्यावर फडकं मारलं, पाट सरकवला, आणि आम्ही तिघं मागे बसून जेवलो.