सुभद्राबाईंचा एक मे

फोन सुभद्राबाईंच्या मुलीचा, वनिताचा होता. मी वाशीमच्या घराच्या गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. "मॅडम, माय गेली," एवढंच ती म्हणाली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. एक मे पाच दिवसांवर आला होता. आता महिना उलटून गेलाय. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की मला दुसरा कुठलाच दिवस आठवत नाही, एक मेच आठवतो.

किन्हीराजा या बाजारगावाच्या पुढे डोंगर चढून गेलं की लागणाऱ्या एका लहानशा गावात मी अकरा वर्षं शिक्षिका होते. शाळेचं आणि ग्रामपंचायतीचं पटांगण एकच, झेंड्याचा खांबही एकच. एक मेला सकाळी झेंडावंदन, मग मुलांचे निकाल आणि ऊन चढायच्या आत ग्रामसभा. वीटभट्टीवर गेलेली घरं त्या दिवसापर्यंत परत यायची, म्हणून गाव भरलेलं दिसायचं. सुभद्राबाई त्यांतल्याच. उताराला बौद्ध वस्ती आहे, तिथं त्यांचं घर. नवरा लवकर गेला. वनिताला आजीजवळ ठेवून त्या दिवाळीनंतर भट्टीवर जात आणि निकालाला न चुकता हजर होत. पहिल्या वर्षी त्यांनी निकालपत्रक उलटं धरलं होतं. "सारं वाचून दाखवा, मॅडम," त्या म्हणाल्या. "खालचे बारीक अक्षरंबी." सही करा म्हटलं तर अंगठा पुढे केला. पुढच्या वर्षी मात्र पेन मागून घेतलं आणि सावकाश नाव लिहिलं. वनितानं शिकवलं होतं.

काही वर्षांनी सरपंचपद राखीव झालं आणि सुभद्राबाई निवडून आल्या. एक मेचं झेंडावंदन आता त्यांच्या हातून व्हायचं होतं. आठ वाजताची वेळ त्यांना कळवलेली होती. मी मुलांना रांगेत उभं केलं होतं. साडेसातला उपसरपंच पुढे झाले, वयस्क, गावात वजन असलेले गृहस्थ. "लेकरायले ऊन लागते, उरकून घेऊ," असं म्हणत त्यांनी दोरी ओढली. मी घड्याळ पाहिलं होतं. काय चाललंय ते मला कळत होतं. तरीही मी हात वर केला आणि मुलांनी राष्ट्रगीत सुरू केलं.

सुभद्राबाई आल्या तेव्हा आठला दहा मिनिटं कमी होती. मुलांच्या हातांत चॉकलेटं पडली होती. मोठी माणसं एकमेकांशी उगाच बोलत राहिली. त्या खांबाजवळ गेल्या, वर पाहून नमस्कार केला आणि सभेत जाऊन बसल्या. झेंड्याचा विषय त्या काढतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. ग्रामसेवकानं इतिवृत्ताची वही उघडताच त्या शांतपणे म्हणाल्या, "पयले लिवा, आज झेंडा किती वाजता चढला आन कोणी चढवला."

"ते कायले लिवाचं, बाई?" उपसरपंचांनी विचारलं.

"खरं आहे मनून."

ग्रामसेवकाचं पेन थांबलं. सगळे त्याच्याकडे पाहत होते. शेवटी त्यानं लिहिलं. सुभद्राबाईंनी ते मोठ्यानं वाचायला लावलं, खाली सही केली आणि उन्हाळ्यातल्या पाण्याच्या टँकरचा विषय काढला.

दुपारी मी त्यांच्या घरी गेले. सांत्वन करायला जातेय अशी मी माझी समजूत करून घेतली होती. त्यांनी पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. मी उपसरपंचांबद्दल बोलायला लागले, तर मध्येच त्या म्हणाल्या, "त्यायचं जाऊ द्या. तुमी गाणं काहून सुरू केलं, मॅडम?"

रागानं नव्हे. मुलीच्या अभ्यासाबद्दल विचारावं तसं विचारलं.

पुढचा एक मे मला विसरता येणार नाही. पावणेआठलाच उपसरपंचांनी दोरीला हात घातला. मी मुलांना म्हटलं, "अजून वेळ आहे. सावलीत बसा." रांगा मोडल्या. "ऊन चढून राह्यलं, मॅडम," ते म्हणाले. "सरपंचबाई आल्या की सुरू करू, काका," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोरी सोडली. उताराकडून सुभद्राबाई येत होत्या, नेहमीच्याच चालीनं. त्यांनी दोरी ओढली, पण गाठ सुटेना. पुन्हा ओढली. मागं कोणीतरी हसलं. तेव्हा उपसरपंचच जवळ आले. मला धास्तीच वाटली. पण त्यांनी दोरीला हात लावला नाही, फक्त हळू आवाजात म्हणाले, "झटका द्या, बाई. हळू ओढलं त गाठ आवळते." सुभद्राबाईंनी झटका दिला. झेंडा उलगडला, पाकळ्या त्यांच्या डोक्यावर पडल्या. राष्ट्रगीताचा पहिला सूर मला लागलाच नाही. मुलांनी सांभाळून घेतलं.

यंदा मी एक मेला गावात गेले. झेंडावंदन झाल्यावर वनिता मला घरी घेऊन आली. ती आता अकोल्याला परिचारिका आहे. आईच्या खोलीत, खाटेवर वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं होतं. पद सुटून किती वर्षं झाली होती, पण झेंडावंदनाला सुभद्राबाई पांढरी सुती साडीच नेसत आणि दहा-बारा दिवस आधीच ती किन्हीराजाला इस्त्रीला देत. यंदाही दिली होती. त्या गेल्यावर इस्त्रीवाल्यानं ती घरपोच पाठवली, पैसे घेतले नाहीत.

"सोडून पाह्यली नाई," वनिता म्हणाली. "सोडू वाटत नाई, मॅडम."

मी ते पुडकं थोडा वेळ मांडीवर घेऊन बसले. दोऱ्याची गाठ पक्की होती. मग जसं होतं तसंच, उशीशेजारी ठेवून दिलं.