शिष्यवृत्तीची खिडकी आणि तीन सॉफ्टवेअर

आमच्या कॉलेजात शिष्यवृत्तीचं सॉफ्टवेअर निवडायला समिती नेमली गेली, तेव्हा तिचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. त्याआधीच्या वर्षी रोपांच्या प्रदर्शनासाठी मी एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता आणि प्रदर्शन संपल्यावर तो बंदही केला होता. प्राचार्यांच्या मते तांत्रिक बाबतीत एवढी शिस्त स्टाफमध्ये दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

समितीत आणखी दोघं होते. एक क्रीडाधिकारी, कारण त्यांना त्या महिन्यात स्पर्धा नव्हत्या. दुसरे शिष्यवृत्ती विभागाचे बडे बाबू, म्हणजे तिथले सगळ्यात जुने क्लार्क. त्यांच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. त्यांचे वडील आणि माझे वडील इथल्या एकाच संरक्षण कारखान्यात होते, त्यामुळे आम्ही दोघं एकमेकांशी मराठीत बोलायचो आणि तिसरा माणूस आला की वाक्य अर्धं झालेलं असलं तरी हिंदीत पूर्ण करायचो. जबलपुरात आमच्या घरांमधून हे न शिकवता येतं.

सॉफ्टवेअर घेण्याची कारणं दोन होती. सरकारी पोर्टलवर पाठवण्याआधी मुलांचे अर्ज आमच्याकडे तपासले जातात, आणि आदल्या वर्षी आमचे बरेच अर्ज नाव जुळत नाही म्हणून परत आले होते. शिवाय कॉलेजची तपासणी करायला पथक येणार होतं आणि त्यांना प्रत्येक विद्यार्थ्याचा पोर्टफोलिओ पाहायचा होता. पोर्टफोलिओ म्हणजे नेमकं काय, हे मी बैठकीत विचारलं. क्रीडाधिकाऱ्यांना तो शेअर बाजारातला शब्द वाटत होता. प्राचार्य म्हणाले, पोर्टफोलिओ म्हणजे विद्यार्थ्याचं समग्र व्यक्तिमत्त्व, पीडीएफमध्ये.

मला काळजी होती ती बड्या बाबूंची. तीस वर्षं त्यांनी हे काम लांब रजिस्टरात केलं होतं, आणि ते मोडता घालतील असं सगळेच म्हणत होते. मी त्यांना समजवायला काही मुद्दे लिहूनही नेले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, "येऊ द्या की मॅडम. मी काहून अडवू? ते बारीक अक्षर वाचून माझे डोळे दुखून राहिले." माझे चार मुद्दे शिल्लक राहिले.

तीन कंपन्या आल्या. पहिली मोठी होती, तिची माणसं विमानानं आली. दुसरी इंदूरची, त्यांच्या बाई एकट्याच आल्या आणि लॅपटॉपचा चार्जर विसरल्या. तिसरी म्हणजे आपल्याच शहरातले दोन इंजिनियर, त्यांनी येताना खव्याच्या जिलब्या आणल्या. तिघांनीही पडद्यावर एकेक नमुना विद्यार्थी दाखवला. तिन्ही नमुना विद्यार्थी हुशार होते. एक व्हायोलिन वाजवत होता. एकीनं दोन इंटर्नशिपा केल्या होत्या. सगळ्यांची सगळी प्रमाणपत्रं सरळ आणि स्वच्छ स्कॅन केलेली होती.

बडे बाबू तिन्ही वेळा शेवटच्या रांगेत बसले होते. पहिल्या सादरीकरणानंतर त्यांनी विचारलं, "इनका आय प्रमाणपत्र पिछले साल का तो नहीं है?" कंपनीचा माणूस म्हणाला, नाही, उत्पन्नाचा दाखला याच वर्षीचा आहे, सगळं अद्ययावत आहे. बडे बाबू मला हळूच म्हणाले, "मग या पोराला आपली गरजच नाही."

त्यावरून मला सुचलं की आपल्याच एखाद्या विद्यार्थिनीचा अर्ज तिन्हींमध्ये भरून पाहावा. कंपन्यांनी पंधरा दिवसांसाठी लॉगिन दिलेच होते. मी बड्या बाबूंना म्हटलं, जिचे कागद जरा अवघड आहेत अशी कुणी असेल तर सांगा. त्यांनी रजिस्टर उघडलंही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते बीएस्सी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला घेऊन आले. ती तिलवाऱ्याचा पूल ओलांडून पुढच्या एका गावातून रोज बसनं यायची. कशासाठी बोलावलं ते मी तिला समजावलं, तिला चालेल का हेही विचारलं. ती "जी मॅडम" म्हणाली आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

पहिल्या सॉफ्टवेअरनं नाव विचारलं. या मुलीला आडनाव नव्हतं. तिच्याकडे नुसतं नाव होतं, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर त्याच्याआधी कुमारी छापलेलं होतं. आमच्याकडे असं पुष्कळ मुलींचं असतं. आधार कार्डावर कुमारी नाही, गुणपत्रिकेवर आहे, आणि आदल्या वर्षी परत आलेले अर्ज बहुतेक याच शब्दापायी परत आले होते. सॉफ्टवेअरनं गुणपत्रिका आपोआप वाचली, कुमारी हे नाव आणि खरं नाव हे आडनाव असं ठरवलं, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "नमस्ते, कुमारी".

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चालेल, पुढे जा.

दुसऱ्यानंही आडनाव मागितलं. बड्या बाबूंनी तिला तिथे एक टिंब टाकायला सांगितलं. ते त्यानं घेतलं. तिसऱ्यानं टिंब घेतलं नाही, पण तिथे स्वतःचंच नाव दोनदा लिहिलं तर त्याची काही हरकत नव्हती. हे सगळं मी वहीत टिपत होते. क्रीडाधिकारी जिलबी खात होते.

मग पोर्टफोलिओ आला. "आपली कामगिरी" असा रकाना होता आणि त्याच्यापुढे लाल चांदणी होती, म्हणजे तो रिकामा ठेवता येत नव्हता. मुलगी थांबली. मी विचारलं, खेळात भाग घेतला होता का? नाही. एनसीसी? नाही, कवायतीनंतर बस मिळत नाही. वक्तृत्व, रांगोळी, काहीही? ती मान हलवत राहिली. थोड्या वेळानं तिनं त्या रकान्यात "नहीं है" असं लिहिलं. सॉफ्टवेअरनं ते स्वीकारलं आणि विचारलं, ही कामगिरी कोणत्या स्तरावरची आहे, जिल्हा, राज्य की राष्ट्रीय?

मला हसू आलं नाही. ती त्या तीन पर्यायांकडे पाहत होती आणि तिचे कान लाल झाले होते. तिला इथे आणून बसवल्याचं मला तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं.

बडे बाबू मराठीत म्हणाले, "मॅडम, ही पोरगी दोन वर्षं माझ्या खिडकीबाहेर उभी राहून दुसऱ्यांचे फॉर्म भरून देऊन राहिली. ज्या आयाबापाला वाचता येत नाही त्यांना समजावते. गेल्या वर्षी निम्मे फॉर्म मी डोळे मिटून घेतले, कारण अक्षर तिचं होतं."

मी मुलीला हिंदीत विचारलं, हे खरं का. ती म्हणाली, "वो तो ऐसे ही, मॅडम। बस का टाइम रहता है ना, तो खड़ी रहती हूँ।"

मी म्हटलं, हेच लिही. तिला ते लिहायला फार संकोच वाटला, म्हणून शेवटी मी सांगितलं आणि तिनं टाइप केलं. सॉफ्टवेअरनं लगेच प्रमाणपत्र मागितलं. बडे बाबू उठून आपल्या विभागात गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या हातात कॉलेजच्या लेटरहेडवर स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं हिंदी प्रमाणपत्र होतं, जावक क्रमांक आणि गोल शिक्क्यासह. अमुक विद्यार्थिनीनं दोन शैक्षणिक वर्षं विनामोबदला अर्जदारांना साहाय्य केलं आणि तिच्या कामात आजवर चूक आढळली नाही, असं त्यात लिहिलं होतं. तीस वर्षांत त्यांनी असं प्रमाणपत्र कुणाला दिल्याचं मला माहीत नव्हतं. मुलीनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि पुन्हा पुन्हा वाचलं. स्कॅन करून चढवलं तर फाइल मोठी आहे म्हणून परत आलं. तेव्हा क्रीडाधिकाऱ्यांनी हात पुसले, आपल्या फोनवर ती फाइल लहान करून दिली, आणि समितीतलं त्यांचं काम पूर्ण झालं.

तिन्ही अर्ज त्या दिवशी पुरे झाले नाहीत. बसची वेळ झाली होती, म्हणून मी तिला तिन्ही लॉगिन एका कागदावर लिहून दिले आणि घरी जमलं तर फोनवर पाहा म्हटलं. खरं तर मी तिला नुसतं मोकळं करत होते.

चार दिवसांनी ती स्वतःहून वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आली आणि म्हणाली, दुसरं चांगलं आहे, इंदूरवालं. मी विचारलं, का? तिनं सांगितलं, की ती रोज येता-जाता बसमध्ये फॉर्म भरत होती. पुलाच्या पुढे नेटवर्क जातं आणि बऱ्याच वेळानं येतं. पहिल्यात नेटवर्क गेलं की सगळं पुसलं जायचं आणि पुन्हा "नमस्ते, कुमारी" पासून सुरुवात. तिसऱ्यात मागच्या पानावर गेलं की पुढची पानं रिकामी व्हायची. दुसऱ्यात मात्र जिथे सोडलं तिथेच सगळं थांबलेलं असायचं. तिनं ते चार दिवस जाता-येता तपासलं होतं, आणि एकदा मैत्रिणीच्या जुन्या फोनवरही.

आम्ही तिघांनी मिळून महिनाभरात एवढी माहिती गोळा केली नव्हती. मी अहवाल लिहिला. प्राचार्यांना बस आवडली नसती, म्हणून "खंडित जोडणीच्या परिस्थितीत प्रत्यक्ष क्षेत्रचाचणी" असं लिहिलं. ते त्यांना फार आवडलं. व्यवस्थापनानं इंदूरचं सॉफ्टवेअर घेतलं. कुमारी शब्दाचं मी त्या बाईंना फोनवर समजावलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या स्वतःच्या गुणपत्रिकेवरही तो आहे, आणि आठवड्याभरात त्यांनी नावाआधीचा तो शब्द वगळून जुळवणी करण्याची सोय केली. त्या वर्षी नावावरून आमचा एकही अर्ज परत आला नाही. त्या मुलीचाही मंजूर झाला.

तपासणी पथक आलं तेव्हा त्यांनी पाच-सहा पोर्टफोलिओ उघडून पाहिले. त्यात तिचाही उघडला गेला. पथकातल्या एका गृहस्थांनी ते प्रमाणपत्र मोठं करून वाचलं आणि विचारलं, हा काय उपक्रम आहे? प्राचार्य क्षणभरही न थांबता म्हणाले, की ही आमची विद्यार्थी सहकार्य योजना आहे, गेली दोन वर्षं सुरू आहे. पथकाच्या अहवालात योजनेचं कौतुक आलं. त्यामुळे पुढच्या महिन्यात योजना खरोखर सुरू करावी लागली. स्वयंसेवकांसाठी अर्ज मागवले, त्यात पूर्वानुभव विचारला होता. त्या मुलीनं तो भरला, प्रमाणपत्र जोडलं, आणि निवड झाल्यावर मला येऊन सांगितलं. मी तिचं अभिनंदन केलं. मला खरंच आनंद झाला होता.

बडे बाबू मार्चमध्ये निवृत्त झाले. आता ते घरी असतात, आणि अर्जांच्या दिवसांत दर काही दिवसांनी फोन करतात. परवाही केला. त्यांच्या शेजारच्या मुलीचा अर्ज कुठवर आला ते पाहून सांगा म्हणाले. मी पडद्यावर पाहिलं आणि सांगितलं, प्रक्रियेत आहे.

"म्हणजे कोणाच्या टेबलावर?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ते यात दिसत नाही.

"अच्छा," ते म्हणाले. "मग जाऊन पाहता का जरा? मी फोन धरून राहतो."

मी फोन तसाच मेजावर ठेवला आणि खाली शिष्यवृत्ती विभागात गेले.