आईच्या आवाजासाठी रेझिस्टर

माझ्या ताईचं मला भारी कौतुक आहे. तोंडावर करत नाही, कारण ती लगेच विचारते, "बरं, काम काय आहे?" निवृत्त झाल्यावर लोक सहली काढतात, ही बाई सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमध्ये स्पीकर बांधते. प्लायवूड कापण्यापासून आतल्या तारांपर्यंत सगळं स्वतः.

यंदाची जोडी बाबांसाठी होती. बाबांनी जन्मभर गाणं शिकवलं. आई त्यांचीच शिष्या, आणि तिच्याबद्दल त्यांची एकच तक्रार: ओळ उचलण्याआधी ती श्वास घ्यायची, तो ऐकू यायचा. "अगं, दम चोरून घे!" हे आमच्या घरात 'चहा टाक' इतकं रोजचं होतं.

आई गेली. मागे तिच्या गाण्याची एकच कॅसेट राहिली, आणि बाबांनी तीही ऐकायची सोडली. "ही ती नव्हे," म्हणायचे. कान थकलेले, स्पीकर जुनाट.

स्पीकरच्या आत क्रॉसओव्हर असतो. तो जाड आवाज मोठ्या शंकूकडे धाडतो आणि बारीक आवाज छोट्या ट्वीटरकडे. ट्वीटर मुळात तोंडाळ, म्हणून त्याच्या वाटेत रेझिस्टर घालून त्याला आवरायचं. किती आवरायचं, सगळी मेख तिथंच. ताईनं बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून पांढरे, खडूच्या तुकड्यांसारखे रेझिस्टर पिशवीभर आणले.

माइक लावून, मोजून तिनं पहिला जोडला. लॅपटॉपवर आलेख अगदी सरळ. मग आईची कॅसेट लावली. बाबा म्हणाले, "गोधडीत तोंड खुपसून गातेय."

"मोजमाप बरोबर आहे ना? मग होईल सवय," मी म्हटलं. ताईनं असं पाहिलं, की मी चहा करायला उठलो.

तिनं कमी ओहमचा, म्हणजे ट्वीटरला कमी आवरणारा लावला. "आता पत्र्यावर फुटाणे!" बाबा कडाडले. माझं डोकं केव्हाच फिरलं असतं. ताई मात्र रेझिस्टर तात्पुरते धरून ठेवणारे चिमटे काढत होती, लावत होती. "आलेख गेला खड्ड्यात," एवढंच म्हणाली, "ऐकायचं बाबांना आहे." शेवटी मधला आकडा दुकानात मिळेना, म्हणून तिनं दोन रेझिस्टर शेजारी शेजारी जोडले. थोडा वेळ वाजवून बोट लावून पाहिलं. कोमट होते, फार तापत नव्हते. मग तिनं कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावली.

तानपुरा आला. आणि मग, आवाजाच्या आधी, स्वच्छ ऐकू आला तो श्वास.

बाबा खुर्चीत ताठ झाले. "दम चोरून घे, किती वेळा सांगायचं तुला!"

आई गाऊ लागली. बाबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात मांडीवर ताल धरत होता. चिमटे काढून रेझिस्टर पक्के करावेत म्हणून ताई सोल्डरिंगचं सामान घेऊन वाकली.

"ए, थांब," बाबा म्हणाले. "हात लावू नकोस. ती गातेय."