खालच्या पायरीचा ठराव

सत्यभामा तायडे आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होत्या. गाव दर्यापूर तालुक्यातलं. वाचनालयाची इमारत १९०९ सालची, काळ्या दगडाची, सागवानी खांबांची. ती आज धडधाकट उभी आहे ती या बाईंमुळे. गावात हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही. मी निवृत्त शिक्षक, वाचनालयाच्या कार्यकारिणीचा चिटणीस. न बोलणाऱ्यांत मीही आहे.

बाईंचे वडील सहदेव तायडे कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. चौथी शिकलेले, पण वाचनाचं वेड भारी. लहानपणी, स्वातंत्र्याच्या आधी, ते रोज वाचनालयात येत. आत नाही, बाहेरच्या सगळ्यात खालच्या पायरीपर्यंत. तिथं शिपाई आदल्या दिवसाचं वर्तमानपत्र दगडाखाली ठेवून जायचा. त्यांच्या वस्तीतल्या लोकांनी ते तिथंच बसून वाचायचं आणि तिथंच ठेवून जायचं.

१९९० साली मुलगी ग्रंथपाल म्हणून रुजू झाली, तेव्हा सहदेवबाबा पहिल्याच दिवशी बघायला आले. कुणी काही म्हटलं नव्हतं, तरी त्यांनी चपला रस्त्यावरच काढल्या. बाईंनी खुर्ची दिली. ते तिच्या टोकावर बसले, पाच-दहा मिनिटं पेपर चाळला आणि म्हणाले, "जातो माय, कामाचा टाइम झाला." पुढं तेरा वर्षं जगले, पण पुन्हा कधी आले नाहीत.

२०१५ मध्ये छताची दोन लाकडं वाकली. आमचे अध्यक्ष देवीदासभाऊ यांना तेवढं निमित्त पुरलं. इमारत पाडायची आणि तिथं दुकानांचं कॉम्प्लेक्स बांधायचं, असं त्यांनी ठरवलं. आम्ही माना डोलावल्या. विरोध एकट्या बाईंनी केला. रजा टाकून त्या काळीपिवळीनं दर्यापूरला जात, तिथून एसटीनं अमरावतीला. इमारत वारसा यादीत घ्या म्हणून अर्ज केला, की कार्यालयातले लोक विचारत, इमारत इतकी जुनी आहे याला पुरावा काय? मग बाईंनी माळ्यावरची पेटी खाली उतरवली आणि सभांची जुनी रजिस्टरं एकेक पान करून वाचली. देणगी कुणाची, दगड कुठल्या खाणीतला, गवंडी कोण, सगळं सापडलं. आणि १९३६ सालचा एक ठरावही सापडला. वडील सांगायचे ती पायरी, ते आदल्या दिवसाचं वर्तमानपत्र, सगळं त्यात वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. खाली सही होती त्या वेळच्या चिटणिसांची. ते देवीदासभाऊंचे आजोबा.

बाईंनी तेव्हा ते कुणालाच दाखवलं नाही. चार वर्षं हेलपाटे घातले. शेवटी इमारत वारसा यादीत आली, दुरुस्तीला मंजुरी मिळाली. सत्कार झाला तो देवीदासभाऊंचा.

काम संपत आलं तेव्हा दर्शनी भिंतीवर इतिहासाचा फलक लावायचं ठरलं. बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या, पण मजकूर लिहायला त्यांनाच सांगितलं, कारण दुसऱ्या कुणाला तो येतच नव्हता. त्यांनी एक पान लिहून आणलं आणि सभेत वाचलं. मधोमध दोन ओळी त्या ठरावाच्या होत्या.

देवीदासभाऊ म्हणाले, "ताई, झालं गेलं ते. आता काहून उकरून काढून राहिल्या?"

"मी काय उकरलं भाऊ? तुमच्या आजोबाइच्या हातचं लिहेल हाय."

"पण चांगल्या कामात हे कशाले? लोकाइत तेढ होईन."

"माहा बाप त्या पायरीवर बसे, तवा नाई झाली तेढ?"

देवीदासभाऊंनी लगेच मतदान घेतलं. दोन ओळी गाळाव्यात या बाजूनं नऊ हात वर झाले. दहावा माझा होता. वाद नको, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. बाईंनी माझ्याकडं पाहिलं, कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. जाताना फक्त इतकं म्हणाल्या, "फलकावर नसन तर नसो. पायरी तेवढी राहू द्या."

पायरी राहिली नाही. पाहुण्यांच्या गाड्या दारापर्यंत याव्यात म्हणून अंगण उंच करून पेव्हर ब्लॉक बसवले, त्यात ती गाडली गेली. १९३६ चं रजिस्टर देवीदासभाऊंनी प्रदर्शनात मांडायचं म्हणून मागून नेलं. प्रदर्शन झालं, रजिस्टर मात्र परत आलं नाही. बाईंनी तीनदा अर्ज केला. 'शोध सुरू आहे' असं लेखी उत्तर मिळालं, त्यावर चिटणीस म्हणून सही माझी आहे.

उद्घाटनाला बाई आल्या नाहीत. महिन्याभरानं मी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. माफी मागायला शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "सर, तुमी शाळेत कोणता विषय शिकवत होते?"

त्यांना माहीत होतं. तरी मी म्हणालो, "इतिहास."

"हं," म्हणाल्या, आणि कपबशा उचलून आत गेल्या. आतून भांडी विसळल्याचा आवाज येऊ लागला. मी उठून निघालो.

आता वाचनालय संध्याकाळी दोन तास उघडं असतं. निम्मी कपाटं अजून रिकामी आहेत. लग्नाआधीचे फोटो काढायला अकोल्याहून जोडपी येतात, खांबांना टेकून उभी राहतात. बाई त्या रस्त्यानं जात नाहीत. बाजाराला जायचं तर मारुतीच्या देवळामागून वळसा घालून जातात.

गेल्या आठवड्यात एका शाळेची सहल आली होती. माहिती सांगायला मलाच बोलावलं. दगड, सागवान, देणगीदार, सगळं मी सांगितलं. वहीत टिपून घेणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "सर, त्या वेळी इथं कोण कोण वाचायला येत होते?"

"सगळे," मी म्हणालो. तिनं तसं लिहून घेतलं.