कूस बदलल्याच्या खुणा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखणारे सगळे माझं कौतुक करत बसलेत.

आष्टीत मी गुणाचा नातू म्हणून प्रसिद्ध आहे. आजीच्या तेराव्याला चार लोकांनी मांडवात तसं बोलूनही दाखवलं. म्हातारीकडे एकदा डोकावले नव्हते लेकाचे! आणि मी? मान खाली घालून नम्रपणे बसलो. काय तो नम्रपणा! आठवला की किळस येते.

आजी सरकारी दवाखान्यात नर्स होती. लोकांच्या चिघळलेल्या जखमा तिनं नाकाला पदर न लावता धुतल्या. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं आणि ती खाटेला खिळली. आई-बाबा दिवसभर शेतात, माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान बंद पडलेलं. म्हणजे मी घरीच. तिनं स्वतः कागदावर तक्ता आखून दिला — आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा. दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायचं आणि तक्त्यातल्या त्या वेळेच्या घरात खूण करायची.

"न्हाई तर पाठ सडंल रे बाबा," एवढंच म्हणाली.

किती वेळ लागतो माणसाला वळवायला? दोन मिनिटं? मी पुढच्या खोलीत क्रिकेट बघत लोळायचो. आत वास यायचा — हो, वासच, आता खोटं कशाला बोलू? आई-बाबा यायच्या आधी सगळ्या खुणा एका दमात ओढून मोकळा व्हायचो.

महिन्याभरात पाठीला जखम झाली. आईला आधी घामोळं वाटलं. मग एका सकाळी जालन्याहून आत्या आली, तिनं आजीचं अंग पुसताना ती पाहिली.

"तू काय करून राह्यला रे दिवसभर?"

मी काय केलं असेल? तक्ता आणून दिला. आदल्या दिवसापर्यंत एक घर रिकामं नव्हतं.

आत्यानं तो आजीपुढे धरला. आजीनं चष्मा मागितला, बराच वेळ बघत राहिली. जन्मभर वॉर्डातले तक्ते तपासलेली बाई — तिला एका दमात ओढलेल्या खुणा कळणार नाहीत? आणि पाठ तर तिचीच होती.

"बराबर करतंय पोरगं," ती म्हणाली. "माझंच कातडं जुनं झालं." मग पेन मागून तिनं खाली सही केली.

आत्या ओशाळली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी फिरवू दिला.

तुम्हाला वाटेल, त्या सहीनंतर तरी मी सुधारलो असेन. कसला सुधारतोय! आत्या दोनच्या बसनं गेली. मी चारची खूण केली, सहाचीही करून ठेवली आणि मॅच लावली. आत आजी उताणीच होती. जागी होती.